क्लिक करण्याआधी अंदाज: सॉफ्टवेअरच्या मदतीने एक धडा कसा बांधावा

प्रोजेक्टर लावून घेतलेला माझा पहिला भूमितीचा तास मला अजून आठवतो. पडद्यावर रंगीत त्रिकोण होता, वर्तुळ आपोआप आखलं जात होतं, मुलं पुढे झुकून बघत होती. तास संपला तेव्हा वाटलं, आज सगळ्यांना समजलं. आठवड्याने चाचणी घेतली आणि लक्षात आलं की जुन्या चुका जिथल्या तिथे आहेत. मुलांनी सगळं पाहिलं होतं, पण त्या तासात त्यांना स्वतःला काहीच ठरवावं लागलं नव्हतं.

पुढे वाचनात आलं की हे मोजूनही पाहिलेलं आहे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली वर्गात दाखवल्या जाणाऱ्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या विद्यार्थ्यांनी प्रयोग नुसता पाहिला, त्यांची समज प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. ज्यांच्याकडून आधी ‘काय होईल?’ याचा अंदाज घेतला होता, त्यांना मात्र तो चांगला समजला. स्क्रीनवरच्या हलत्या आकृतीलाही हेच लागू पडतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एकच गोष्ट सांभाळायची आहे: स्क्रीनने उत्तर देण्याआधी विद्यार्थ्याचं उत्तर त्याच्या वहीत उतरलेलं असलं पाहिजे.

आधी अडलेली जागा शोधा

‘यंदा कोणतं ॲप वापरू?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. मागच्या चाचणीचे पेपर काढा आणि एका धड्यात मुलं नेमकी कुठे अडतात ते एका वाक्यात लिहा. ‘भूमिती कच्ची आहे’ असं मोघम वाक्य उपयोगाचं नाही. वाक्य असं हवं: ‘परिकेंद्र नेहमी त्रिकोणाच्या आतच असतं, असं मुलांना वाटतं.’ (परिकेंद्र म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र.) किंवा, ‘बल्बमधून जाताना विद्युतधारा थोडी खर्च होते, म्हणून बल्बच्या पलीकडे ती कमी असते, असं मुलांना वाटतं.’

असं वाक्य लिहिलं की साधनाची निवड निम्मी झालेली असते. परिकेंद्राच्या चुकीचं कारण बहुतेकदा आकृत्यांमध्ये सापडतं. फळ्यावर आणि वहीत आपण नेहमी छान, लघुकोन त्रिकोण काढतो, मुलांच्या मनात तेवढीच आकृती पक्की होते. इथे उपाय म्हणून आकृती हलवता यायला हवी. विद्युतधारेच्या चुकीचं कारण वेगळं आहे: धारा दिसतच नाही. तिथे न दिसणारी गोष्ट दाखवणारं साधन हवं. आणि मुलांना समजलंय पण महिन्याने आठवत नाही, अशी अडचण असेल तर हलत्या आकृतीने काहीच साधणार नाही. तिथे उजळणीचं साधन लागेल.

एखाद्या धड्याबद्दल असं वाक्य सुचतच नसेल, तर त्या धड्याला खडू आणि फळा पुरेसा आहे. तो तास तसाच घ्या.

कोणत्या कामाला काय घ्यावं

साधनांची यादी लांबलचक करता येते, पण ती दर वर्षी बदलते. मी स्वतः वापरलेली आणि विसंबून राहता येतील अशी थोडीच सांगते.

आकृती, आलेख, निर्देशक यांसाठी जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात प्रबंधाचं काम म्हणून ते सुरू केलं, शिकण्या-शिकवण्यासाठी ते मोफत आहे. इन्स्टॉल केलं की इंटरनेटशिवाय चालतं.

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातल्या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी फेटची सिम्युलेशन्स. कार्ल वीमन यांना २००१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत हा प्रकल्प सुरू केला. यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत आणि एकेक सिम्युलेशन एका फाईलमध्ये डाउनलोड करून ठेवता येतं. विद्युतधारेच्या त्या चुकीसाठी यातला परिपथ जोडायचा संच वापरा: सेल, तारा, एक बल्ब, आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना एकेक ॲमीटर. स्विच चालू करण्याआधी दोन्ही ॲमीटरवर काय आकडे येतील ते मुलांकडून लिहून घ्या. दोन्ही आकडे सारखे आले की वर्गात जी शांतता पसरते, तिथून खरा धडा सुरू होतो.

फोनमधल्या सेन्सरने खरं मोजमाप करायचं असेल तर फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात तयार झालेलं हे मोफत ॲप आहे. त्यात आवाजावर चालू-बंद होणारं घड्याळ आहे. दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवायचे. पहिल्या फोनजवळ एकाने टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळं सुरू होतात. मग दुसऱ्या फोनजवळ दुसऱ्याने टाळी वाजवायची, दोन्ही थांबतात. दोन घड्याळांतला फरक साधारण ०.०२९ सेकंद येतो. आवाज तेवढ्या वेळात जाऊन-येऊन १० मीटर चाललेला असतो, भागाकार केला की आवाजाचा वेग हातात येतो. मोकळ्या जागेत, गोंगाट नसताना करा. गोंगाट असेल तर घड्याळ भलत्याच आवाजाने थांबतं.

स्वतः काहीतरी बनवत शिकायचं असेल तर स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं साधन. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून ते २००७ मध्ये बाहेर आलं. त्याचं मूळ १९६७ च्या लोगो या भाषेत आहे. लोगोतल्या कासवाला आज्ञा देत मुलं आकृत्या काढायची. मला लोगोचं आजही कौतुक वाटतं, कारण त्यात यंत्राला शिकवणारं मूल असतं आणि शिकवता शिकवता ते स्वतः शिकतं.

साधन ठरवताना एवढं तपासा: ते इंटरनेटशिवाय चालतं का? मुलांना लॉगिन करावं लागतं का? फोनच्या छोट्या स्क्रीनवर बोटाने वापरता येतं का? मधेच जाहिराती येतात का? लॉगिन लागत असेल तर मी शक्यतो ते साधन सोडून देते. पंचेचाळीस मुलांपैकी सात जणांचा पासवर्ड हरवतो आणि तासाची पहिली पंधरा मिनिटं त्यातच जातात.

एक धडा जवळून: परिकेंद्र

आता एक तास पूर्ण बांधून दाखवते. विषय परिकेंद्राचा, साधन जिओजेब्रा.

फाईल आदल्या दिवशी तयार करा. वरच्या इनपुटच्या रकान्यात तीन बिंदू टाईप करा: ए साठी (-३, ०), बी साठी (३, ०) आणि सी साठी (०, ५). अर्थात आकडे इंग्रजी अंकांत टाईप करायचे. मग पॉलिगॉन हे साधन निवडून ए, बी, सी आणि पुन्हा ए असं क्लिक करा. हा क्रम महत्त्वाचा आहे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जा. तसं केलं तर कोन मोजायच्या साधनाने त्रिकोणाच्या आत क्लिक केल्यावर आतले तीन कोन मिळतात. काट्यांच्या दिशेने गेलात तर तेच साधन बाहेरचे, १८० अंशांपेक्षा मोठे कोन दाखवतं, आणि ऐन तासाला ‘हे काय झालं?’ म्हणून आपलीच धांदल उडते.

नंतर लंबदुभाजकाचं साधन घेऊन तिन्ही बाजूंवर एकेकदा क्लिक करा. तीन रेषा एका बिंदूत मिळताना दिसतील. छेदनबिंदूच्या साधनाने त्यातल्या दोन रेषा निवडा, म्हणजे तो बिंदू नोंदला जाईल. आपोआप त्याला डी नाव मिळेल. मग केंद्र आणि एक बिंदू देऊन वर्तुळ काढायचं साधन घ्या, आधी डी वर आणि मग ए वर क्लिक करा. वर्तुळ बी आणि सी मधूनही जाईल. शेवटी ग्रिड चालू करा आणि बिंदू ग्रिडला चिकटतील अशी सेटिंग करा. ही सेटिंग केली नाही तर माऊसने बरोबर ९० अंशांचा कोन आणणं जिकिरीचं होतं. ८९.७ आणि ९०.४ यांच्यातच हात थरथरत राहतो.

वर्गात फाईल उघडताना वर्तुळ, लंबदुभाजक आणि डी हे सगळं लपवलेलं असू द्या. दिसू द्या फक्त त्रिकोण. मुलांना तोच त्रिकोण वहीत आलेख कागदावर काढायला सांगा आणि परिकेंद्र कुठे असेल तिथे पेन्सिलीने ठिपका द्यायला सांगा. सगळ्यांचे ठिपके झाल्यावरच रेषा आणि डी दाखवा. डी चा वाय निर्देशक १.६ येतो, म्हणजे तो त्रिकोणाच्या आत आहे. बहुतेकांचा ठिपका जवळपास असतो. इथवर त्यांना सोपं वाटतं, वाटू द्या.

आता डी पुन्हा लपवा आणि विचारा: ‘सी खाली आणत आणत (०, ३) वर आणला, तर परिकेंद्र कुठे जाईल?’ उत्तर लिहायला दोन मिनिटं द्या. या दोन मिनिटांत बोलू नका. सूचनाही देऊ नका. ही शांतता सांभाळणं मला सगळ्यात अवघड जातं, कारण शिक्षकाला वर्गातली शांतता भरून काढायची सवय असते. मग एका विद्यार्थ्याला पुढे बोलवून माऊस त्याच्या हातात द्या. तुमच्या हातात माऊस राहिला तर मुलं पुन्हा प्रेक्षक होतात.

सी (०, ३) वर आला की कोन बरोबर ९० अंशांचा होतो आणि डी ए-बी बाजूच्या अगदी मध्यावर, (०, ०) वर बसतो. इथे वर्गात पहिल्यांदा कुजबुज होते. लगेच पुढचा प्रश्न: ‘आणखी खाली, (०, २) वर?’ पुन्हा लिहा, पुन्हा थांबा. डी त्रिकोणाबाहेर पडून उणे १.२५ वर जातो. सी (०, १) वर आणला तर डी थेट उणे ४ वर. सी चा वाय निर्देशक एका रकान्यात आणि डी चा दुसऱ्या रकान्यात असा तक्ता मुलांनी वहीत केला पाहिजे: ५ ला १.६, ३ ला ०, २ ला उणे १.२५, १ ला उणे ४. आकडे लिहिले की एक गोष्ट त्यांच्या त्यांनाच दिसते: ३ पासून पुढे सी सारख्याच पावलांनी खाली येतोय, पण डी ची उडी मात्र वाढत चालली आहे.

मग ग्रिडची सेटिंग काढून सी ०.५ वर न्या. डी उणे ८.७५ वर पोहोचतो, वर्तुळ स्क्रीनमध्ये मावत नाही, झूम कमी करावं लागतं. एव्हाना कोणीतरी ‘सी एकदम रेषेवर ठेवला तर?’ असं विचारतंच. नाही विचारलं तर तुम्ही विचारा, आणि पुन्हा लिहायला लावा. सी (०, ०) वर ठेवला की वर्तुळ नाहीसं होतं. लंबदुभाजक समांतर झाले, छेदनबिंदू उरला नाही. एका रेषेवरच्या तीन बिंदूंतून वर्तुळ जाऊ शकत नाही, हे विधान मुलांनी पाठ केलेलं असतं. इथे ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडतं.

शेवटची दहा मिनिटं स्क्रीन बंद करा. खरंच बंद करा, पडदा काळा ठेवा. वहीत तीन आकृत्या काढायला लावा: लघुकोन त्रिकोणाचं परिकेंद्र अंतर्भागात, काटकोन त्रिकोणाचं कर्णाच्या मध्यावर, विशालकोन त्रिकोणाचं बाह्यभागात. कंपास आणि पट्टीने. आणि काटकोनाच्या वेळी परिकेंद्र कर्णाच्या मध्यावरच का येतं, याचं कारण शब्दांत लिहायला सांगा. जिओजेब्राने दाखवलं म्हणजे सिद्ध झालं, असा समज इथेच खोडायला हवा. सॉफ्टवेअर काय घडतं ते दाखवतं, ते का घडतं याची सिद्धता द्यायचं काम विद्यार्थ्याचंच राहतं.

प्रत्येकी किंवा दोघांत एक संगणक मिळत असेल तर फारच छान. पण तेव्हाही एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, दर पाच मिनिटांनी अदलाबदल, असा नियम ठेवा. तिघांपेक्षा जास्त मुलं एका यंत्रावर बसवली तर मागचा एक नुसता बसून राहतो.

आदल्या दिवशीची तयारी

फाईल तीन ठिकाणी ठेवा: संगणकात, पेन ड्राइव्हमध्ये आणि फोनमध्ये. मुख्य टप्प्यांचे पाच-सहा स्क्रीनशॉट वेगळे काढून ठेवा, वीज किंवा प्रोजेक्टर गेला तर तेच कागदावर दाखवून ‘पुढे काय होईल?’ हा प्रश्न विचारता येतो. प्रोजेक्टरला जोडल्यावर पडद्यावर काहीच दिसत नसेल तर विंडोजची की आणि पी एकदम दाबा, म्हणजे डुप्लिकेटचा पर्याय मिळतो. फोनची आणि संगणकाची नोटिफिकेशन्स बंद करा.

मग सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसा आणि पडद्याकडे बघा. मराठी अक्षरांना वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं असतात, त्यामुळे ती इंग्रजी अक्षरांपेक्षा मोठी ठेवावी लागतात. स्लाइडवर ३० पॉइंटच्या खाली मी कधी जात नाही. जिओजेब्रातल्या बिंदूंची आणि आकड्यांची अक्षरंही सेटिंगमधून मोठी करता येतात, ती हमखास करायची राहून जातात.

मराठी टाईप करताना युनिकोडच वापरा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला स्वाध्याय दुसऱ्याच्या फोनवर उघडला की नुसत्या खुणा आणि इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. सवय नसेल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घ्या. त्यात स्वर एका हाताकडे आणि व्यंजनं दुसऱ्या हाताकडे अशी रचना आहे, एकदा हात बसला की वेग येतो.

एक प्रश्न, चार पर्याय

तासाच्या शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी सुरुवातीला एकच प्रश्न विचारा. दहा प्रश्नांच्या क्विझपेक्षा नीट बांधलेला एक प्रश्न जास्त सांगून जातो. बांधणी अशी असते:

एका त्रिकोणाचे दोन कोन ३० आणि ४० अंशांचे आहेत. त्याचं परिकेंद्र कुठे असेल?
अ) त्रिकोणाच्या आत
ब) सर्वांत मोठ्या बाजूच्या मध्यावर
क) त्रिकोणाच्या बाहेर, सर्वांत मोठ्या बाजूच्या पलीकडे
ड) बाजूंची लांबी दिल्याशिवाय सांगता येणार नाही

तिसरा कोन ११० अंशांचा, म्हणून उत्तर क. पण माझं लक्ष चुकीच्या पर्यायांवर असतं. अ निवडणाऱ्याच्या मनात अजून जुनी आकृती आहे. ब निवडणाऱ्याने काटकोन त्रिकोणाचा नियम सगळीकडे लावला. ड निवडणाऱ्याला तिसरा कोन काढायचं सुचलंच नाही, किंवा आकार कोनांवरून ठरतो हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. प्रत्येक चुकीचा पर्याय एका खऱ्या गैरसमजावरून बनवलेला असावा. कोणीच निवडणार नाही असा भरताड पर्याय घातला तर त्याची जागा वाया जाते.

उत्तरं गोळा करायला गूगल फॉर्म चालतो. मुलांकडे फोन किंवा संगणक नसतील तर प्लिकर्स बघा. त्यात प्रत्येक मुलाकडे फक्त एक छापील कार्ड असतं, कार्ड कोणत्या बाजूने वर धरलं यावरून उत्तर ठरतं, आणि शिक्षक एकाच फोनच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपतो. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर बघून उतरवता येत नाही.

उत्तरं आल्यावर बरोबर पर्याय लगेच सांगू नका. मझूर १९९१ पासून आपल्या वर्गात हीच पद्धत वापरत आले आहेत: आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं, आणि पुन्हा मत नोंदवायचं. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर ही चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर आधी पुन्हा शिकवावं लागेल. त्याहून खूप जास्त असतील तर थोडक्यात समजावून पुढे जा.

उत्तरं तक्त्यात

एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क, दोन्हींत हे काम सारखंच होतं. डावीकडच्या रकान्यात मुलांचे क्रमांक, वरच्या ओळीत प्रश्न, आणि प्रत्येक सेलमध्ये त्या मुलाने निवडलेला पर्याय: अ, ब, क किंवा ड. बरोबर-चूक किंवा गुण भरू नका, पर्यायच भरा. खाली चार ओळी घ्या आणि काउंटइफ हे सूत्र वापरा. त्याला दोन गोष्टी द्यायच्या असतात: कुठपासून कुठपर्यंत मोजायचं, आणि काय मोजायचं. एका प्रश्नासाठी चार सूत्रं लिहिली की ती उजवीकडे ओढून बाकीच्या प्रश्नांना लावता येतात.

आता समजा ४० मुलांपैकी २० जणांनी क निवडला, १४ जणांनी ब, ४ जणांनी अ आणि दोघांनी ड. ‘निम्मा वर्ग चुकला’ एवढ्यावर थांबलात तर पूर्ण धडा पुन्हा घ्याल. पण चुकलेल्या २० पैकी १४ जण एकाच ठिकाणी घसरले आहेत. त्यांना आकृती हलते हे समजलंय, काटकोनाची खास स्थिती कोणती हे समजलेलं नाही. त्यांना सगळा धडा नको, सी (०, ३) च्या थोडा वर आणि थोडा खाली नेऊन दाखवणारी दहा मिनिटं हवी आहेत.

आठवणीत राहण्यासाठी

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काही जणांनी तो दुसऱ्यांदा वाचला, काही जणांनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. पुन्हा पुन्हा वाचल्याने आपल्याला येतंय असं वाटतं, ते वाटणं फसवं असतं.

अँकी हे सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतं. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आधी आठवायचं, मग कार्ड उलटायचं, आणि किती सहज आठवलं ते अगेन, हार्ड, गुड, ईझी यांतलं एक बटण दाबून सांगायचं. सहज आठवलेलं कार्ड बऱ्याच दिवसांनी येतं, अडलेलं लगेच. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवरचं ॲप विकत घ्यावं लागतं.

कार्डं मुलांनीच बनवावीत. दुसऱ्याने बनवलेला हजार कार्डांचा गठ्ठा डाउनलोड करून कोणी शिकल्याचं मी पाहिलेलं नाही. एका कार्डावर एकच गोष्ट. ‘परिकेंद्राची माहिती सांगा’ हे कार्ड निरुपयोगी, ‘काटकोन त्रिकोणाचं परिकेंद्र कुठे असतं?’ हे चांगलं, आणि ‘तिथेच का असतं?’ हे त्याहून चांगलं. अँकीत रोजची नवी कार्डं सुरुवातीला २० ठरवलेली असतात. ती पाचवर आणा. वीस ठेवली तर आठवड्याभरात उजळणी साचते आणि मूल ॲप उघडायचंच सोडून देतं.

व्हिडिओ करायचाच असेल तर

ओबीएस स्टुडिओने स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड होतो, मोफत आहे. एका व्हिडिओत एकच मुद्दा, सहा मिनिटांच्या आत. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तपासल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. स्लाइडवर लिहिलेलंच वाचून दाखवू नका. आणि मधे एकदा थांबून ‘इथे व्हिडिओ थांबवा आणि उत्तर लिहा’ असं सांगा.

एआयबद्दल

एआय चॅटबॉटचा मला सगळ्यात चांगला उपयोग चुकीची उदाहरणं बनवायला झाला. ‘हे गणित चार पायऱ्यांत सोडव, पण तिसऱ्या पायरीत विद्यार्थी करतात तशी चूक कर’ असं सांगायचं आणि ती चूक शोधायचं काम वर्गाला द्यायचं. अर्थात आधी ते स्वतः सोडवून बघायचं, कारण सांगितलेल्या चुकीशिवाय आणखी एखादी न सांगितलेली चूकही त्यात असू शकते. मराठी पारिभाषिक शब्दही तपासा. पुस्तकात नसलेला शब्द तो अगदी ठामपणे वापरतो.

मुलांसाठी एक नियम मी कडक ठेवला आहे: आधी स्वतःचा प्रयत्न वहीत, मग प्रश्न विचारायचा, आणि उत्तर मागण्याऐवजी ‘माझ्या उत्तरातली चूक कुठे आहे याचा फक्त इशारा दे’ असं मागायचं. घरी लिहून आणलेल्या निबंधातलं एखादं वाक्य मी त्यांनाच समजावून सांगायला लावते. ज्याने विचार केलेला असतो तो बोलायला लागतो.

मुलांची माहिती

कोणत्याही सेवेत किंवा चॅटबॉटमध्ये मुलांची पूर्ण नावं, फोटो, जन्मतारखा टाकू नका. क्रमांक वापरा, क्रमांक आणि नाव यांची यादी तुमच्या वहीत राहू द्या. बऱ्याच सेवांमध्ये खातं उघडायला किमान १३ वर्षांची अट असते, ती बघून घ्या आणि पालकांना आधी सांगा. एकदा एका सेवेवर केलेलं सगळं काम ती बंद झाल्यामुळे माझ्या हातून गेलं, तेव्हापासून दर महिन्याला सगळ्या फाईल्स उतरवून घेते.

आकृतीत लाल आणि हिरव्या रंगावरच भिस्त ठेवू नका, काही मुलांना त्यांतला फरक दिसत नाही. एक रेषा तुटक आणि दुसरी सलग काढली की काम भागतं. व्हिडिओला मराठी उपशीर्षकं दिली तर कमी ऐकू येणाऱ्या मुलाची सोय होते.

तास झाल्यावर

जिओजेब्राची फाईल बंद करण्याआधी तिच्याच फोल्डरमध्ये एक छोटी नोंद लिहून ठेवा, तारीख घालून, चार ओळींची. माझ्या परिकेंद्राच्या फोल्डरमधली शेवटची नोंद अशी आहे: ‘अंदाजासाठी दोन मिनिटं कमी पडली, तीन द्यावीत. (०, १) नंतर थेट ०.५ वर गेले, मधे कोणाला तरी पुढे बोलवायला हवं होतं. वर्तुळ नाहीसं झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला की वर्तुळ गेलं कुठे, सरळ रेषा म्हणजे अनंत मोठं वर्तुळ का? उत्तर दिलं नाही. पुढच्या तासाची सुरुवात या प्रश्नाने करायची.’